माकडटोपीतला संशयित

ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलेला मी, तेव्हा लीड्सपासून दूर एका ग्रामीण ठाण्यात सार्जंट होतो. हद्दीतलं एक गाव एवढंसं होतं: एक पब, एक दुकान आणि दगडी चर्च. चर्चच्या आवारातल्या थडग्यांवरची फुलं नाहीशी होऊ लागली.

तक्रार घेऊन एक विधवा बाई आल्या. मूलबाळ नाही. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याच्या थडग्यावर ठेवलेले गुलाब कुणीतरी नेले होते. "सुकले होते, पण त्याचे होते," म्हणाल्या आणि ठाण्यातच रडल्या. चोरावर खटला भराच, असा त्यांचा हट्ट. मी जबाब नोंदवला, जागेची पाहणी केली. हाती काही लागलं नाही.

मग कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाने खबर दिली. सकाळी एक म्हातारा पिशवी घेऊन चर्चमधून ओढ्याकडे जातो, आणि भर जूनमध्ये त्याचं डोकं, कान, गळा लोकरीत गुंडाळलेला असतो. सहकारी चक्रावले. मला हसू आवरेना. जूनमध्ये माकडटोपी घालणारा माणूस कुठला, हे मला कुणी सांगायला नको होतं.

गावात एक मराठी डॉक्टर राहायचे. त्यांचे वडील पुण्याहून आले होते. मी थेट त्यांच्या घरी गेलो. पोलीस मराठी बोलतोय म्हटल्यावर आजोबा खूश. सूनबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"आजोबा, चर्चमधली फुलं तुम्ही नेता?"

"हो, मीच. ताज्याला हात लावत नाही हं. निर्माल्य तेवढं उचलतो, वाहत्या पाण्यात सोडतो. वाहिलेलं फूल तिथेच कुजू द्यायचं का?"

"अहो बाबा, पोलीस केस झाली तर पुढच्या वेळी व्हिसाला प्रॉब्लेम येईल!" सूनबाई रडकुंडीला आल्या.

इतका सरळ कबुलीजबाब मी नोकरीत दुसरा ऐकला नाही. आजोबांना घेऊन बाईंकडे गेलो. आजोबांनी हात जोडले. "चुकलो, बाई. माझ्या बायकोच्या फोटोवरची फुलंही मी अशीच सोडतो."

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "कुठे सोडले, दाखवा." ओढ्याकाठी दोघं शेजारी उभी राहिली.

तक्रार तिथेच मागे घेतली गेली. वळताना बाई म्हणाल्या, "यांना विचारा, माझ्या थडग्यावरची कोण उचलेल? मला कुणी नाही."

"मी तर परत जाणार," आजोबा म्हणाले. "पण सूनबाईला सांगून ठेवतो."

नेलं कोणी, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कशासाठी नेलं, हे आधी विचारावं, एवढं त्या म्हाताऱ्याने शिकवलं.

आता आजोबा नाहीत, बाईही नाहीत. सूनबाई बाईंच्या थडग्यावर ताजी फुलं ठेवतात आणि सुकलेली ओढ्यात सोडतात.