पुस्तकाच्या उलट्या बाजूला

आमच्या गुरुजींना मी अजून माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, जाऊ दे बाई, माणूस गेला बिचारा. गेला असेल. केसानं गळा कापला माझा, ते काय त्याच्याबरोबर जळून गेलं?

आलापल्लीच्या अलीकडं जंगलात आमचं गाव. ऐंशीच्या दशकातली एका खोलीची शाळा, एकच गुरुजी. फळा पावसानं फुगून उकलला होता, म्हणून ते चित्रांच्या पुस्तकावरून वाचायला शिकवत. बाजाराला निघालेल्या कोंबडीची गोष्ट होती त्यात. पानभर चित्र आणि खाली एक ओळ. त्या पुस्तकाच्या प्रतींचा अख्खा गठ्ठा सरकारनं पाठवला होता, पण गुरुजींनी तो पेटीत घालून वर कुलूप लावलं. "तुमच्या हाती देलं तं दोन दिवसांत चिंध्या होतील," म्हणायचे. एकच प्रत बाहेर काढायचे. ती जमिनीवर मधोमध, आणि भोवती आम्ही वीसेक पोरं गोल करून.

पान उलटायचा मान माझा, म्हणून माझी जागा गुरुजींच्या अगदी समोर. त्यांना पुस्तक सुलटं, मला उलटं. मी तसंच शिकले. कोंबडीचे पाय वर, अक्षरं डोक्यावर उभी, ओळ उजवीकडून सुरू. पाटीवरही जसं दिसायचं तसंच लिहायची, आणि समोरून गुरुजींना ते बरोबरच दिसायचं. एकदा ते माझ्या बाजूला येऊन बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पोट धरून हसले. "काय पोरगी आहे! राहू दे, वाचता येते ना? बस झालं." मला तर ते बक्षीसच वाटलं.

मग कळलं की तपासणीला साहेब येणार आणि चांगलं वाचणारी एक पोरगी गडचिरोलीच्या वसतिगृहात पाठवणार. गुरुजी स्वतः घरी आले. "भाऊ, तुमच्या पोरीचंच नाव देतो." बाबा सागतोडीच्या कामावर होते, त्यांनी माझ्यासाठी नवी चादर आणली.

साहेब यायच्या सकाळी गुरुजींनी गठ्ठा सोडला. प्रत्येकाच्या हाती कोरं करकरीत पुस्तक! "रोज याच्यातूनच वाचतो म्हणून सांगा," अशी तंबीही दिली. साहेबांनी मला उभं केलं. मी पुस्तक फिरवून कोंबडीचे पाय वर केले आणि घडाघडा वाचलं.

"अगं, उलटं का धरलंस?"

"मले असंच येते, साहेब."

साहेब हसले. "गुरुजी, हिनं पाठ केलंय."

मी गुरुजींकडं पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे कुलपातला गठ्ठाही सांगावा लागला असता. त्यांनी माझ्याकडं मानसुद्धा वळवली नाही.

"हो साहेब. थोडी मंद आहे. तिले वाचता येत नाई."

मंद! अरे, कानशिलात मारली असती तरी चाललं असतं. गुरुजींच्या शेजारी बसणाऱ्या पोरीचं नाव लिहिलं गेलं. मी रडत घरी जाऊन सगळं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "गुरुजी खोटं बोलतीन काऊन?" आईनं चादर घडी करून ठेवून दिली. कोणीच माझ्या बाजूनं बोललं नाही, ते मला गुरुजींच्या बोलण्याइतकंच लागलं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा पुन्हा कुलपात आणि एक पुस्तक मधोमध. गुरुजींचा आवाज भलताच गोड. "ये बाई, बस. पान उलट. वाच."

समोरची ओळ मला स्पष्ट दिसत होती, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"मले वाचता येत नाई, गुरुजी," मी म्हणाले.

पोरं खिदळली. गुरुजींनी खाली बघत पान स्वतःच उलटलं.