नीरस, नी दीर्घ

सव्वीस वर्षं बाई एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक होत्या. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका लाल पेनानं काढायच्या, एवढंच काम. मनात देवाचं नाव घेऊन पहिलं पान उचलायचं, ते मान अवघडेपर्यंत. हल्ली दुपारी तीननंतर ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना सापडायचं, पण वाक्य डोक्यात शिरत नसे.

लेकीनं मागच्या खोलीत तीन वर्षं घालून कॉम्प्युटरवर गाणी रचली आणि पहिला अल्बम काढला.

"सोल म्युझिक आहे, आई. इलेक्ट्रॉनिक."

"मला सोल चपलेचा ठाऊक."

लेक हसली नाही. मामानं आपल्या ऑफिसात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. "पेपरात परीक्षण काय येतं ते बघते," ती म्हणाली. "टाकाऊ म्हणाले तर मुकाट्यानं मामाकडे जाईन."

आणि ते परीक्षण नेमकं बाईंच्याच टेबलावर आलं. समीक्षक जुने, अजून हातानं लिहिणारे, कौतुकाला हात आखडता. ठेके एकसुरी, आवाज जागोजागी दमतो, शब्द तोकडे. बाई एकेक ओळ गिळत खाली आल्या. शेवटची ओळ होती, 'एकंदरीत हा पहिला अल्बम निरस आहे.'

निरस. नी दीर्घ हवी. बाईंनी वेलांटी बदलली, सही केली, पान पुढे सरकवलं. समीक्षकांचा मूळ कागद मागे टाचलेला होता. तो उलटून ताडून बघायचा कंटाळा आला की धीर झाला नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं पेपर वाचला, घडी घालून ठेवला आणि मामाला फोन लावला. "सोमवारपासून येते," म्हणाली. बाई डबा भरत होत्या. त्या झाकण घट्ट लावत बसल्या.

अकराच्या सुमारास समीक्षक स्वतः कचेरीत हजर.

"बाई, दोष दाखवूनही शेवटी मी 'सरस' लिहिलं होतं. आयुष्यात दहादा लिहिला नसेल तो शब्द. तुम्ही त्याचा 'नीरस' केलात, तोही शुद्धलेखनासकट."

बाईंनी मूळ कागद आणि तपासलेलं पान काढलं. हस्ताक्षरातल्या पहिल्या 'स'ला शेपूट फुटलं होतं, टाइप करणाऱ्यानं ते 'नि' वाचलं होतं. तपासलेल्या पानावरची वेलांटी मात्र लाल होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन्ही कागद घेऊन त्या घरी आल्या. लेक कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होती. बाईंनी कागद तिच्यापुढे ठेवले. "उद्या चूकभूल छापतील. चूक माझी आहे."

लेकीनं दोन्ही कागद वाचले. मग लाल वेलांटीवर बोट ठेवलं.

"तुला शंका आली नाही, आई?"

"नाही."

"म्हणजे तुला पटलंच होतं."

बाईंना थकल्यासारखं झालं, उभ्या उभ्याच. खोटं बोलायची सवय नव्हती.

लेकीनं वायर पुन्हा सोडायला घेतली. "मामाला तू फोन कर. मी नाही करणार."

बाईंनी भावाला फोन लावला. ती येत नाही, म्हणून सांगितलं.

"अगं, सकाळीच तर हो म्हणाली. आता काय झालं?"

"तिचा अल्बम चांगला आहे."

"कोण म्हणतं?"

समीक्षकांचं नाव बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी परत घेतलं. तीन वर्षं भिंतीपलीकडून कानावर पडलं तेवढंच. एक गाणं म्हणून त्यांनी अजून धड ऐकलं नव्हतं.

"थांब. ऐकते आणि सांगते," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं.