पाहुण्याला बासी देत नाहीत

मागच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं वाचलं. सरूबाई, गुडघा कसा आहे आता? वामनभाऊ, शुगर आटोक्यात आहे ना... की अजून लपूनछपून जिलबी चालूच? फुलचूरच्या सूनबाई, बाळाची सर्दी गेली का? माझं बीपी बरं आहे, काळजी करू नका.

मागच्या आठवड्यात पिंकीच्या सासरी जाऊन आले. पिंकी म्हणजे माझी नात. तिच्याच पसंतीनं केशोरीकडच्या बंगाली वसाहतीत दिली आहे, यंदाच्याच लगीनसराईत.

लग्नात आमगावच्या बाया मला टोचून गेल्या होत्या, "पोरीले त्यायची बोली येत नाही, थे तिथं कशी राहीन?" मी वरून हसले, पण ते बोलणं मनातून जाईना. फोनवर पोरगी नुसतं "छान आहे आजी" म्हणायची... तेवढ्यानं कोणाचा जीव भांड्यात पडतो?

म्हणून स्वतःच गेले. पाहुणचारात त्यांनी काही कमी ठेवलं नाही. माशाचं कालवण, दोन भाज्या, तांदळाची खीर. पण पिंकीलाही माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं आणि सासू तिला आग्रह करकरून वाढत होती. माझं मन खट्टू झालं. घरच्या सुनेला कोणी एवढा आग्रह करतं का... पोरगी इथं अजून पाहुणीच आहे, असं वाटलं.

सकाळी चूळ भरायला मागच्या अंगणात गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत पिंकी आणि तिची आजेसासू खाली फतकल मारून बसलेल्या, मधे एक गंज, म्हणजे पातेलं. त्यात रात्रीचा भात, पाण्यात भिजवलेला. बाजूला कांदा आणि भाजलेली मिरची.

अहो, ही तर आपली बासी...

मी दारातच थबकले. ती म्हातारी लहानपणी कुठल्या दूरच्या नद्यांच्या मुलखातून आलेली, मी इथल्या तळ्याकाठची. तिच्या आईनं आणि माझ्या आईनं एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. तरी भात तोच, कांदा तोच, शेवटी गंज तोंडाला लावून पाणी पिऊन टाकायची रीतसुद्धा तीच.

"दादी, मिर्ची मेरेको भी दो," पिंकी म्हणाली.

"रात को कौन खांस रहा था? आधा टुकडा ले, चुप," म्हातारी डाफरली.

मी आत जाऊन बसले. म्हटलं, "मलेही द्या थोडी." तशी म्हातारीनं गंज पदराआड ओढला. "ना दीदी, ये पान्ता है. मेहमान को नहीं देते. घर का आदमी खाता है."

पिंकी हसत सुटली. "आजी, तुले नाही भेटत. पाहुणी आहेस तू, काऊन हट्ट करून राहिली?"

आपल्याकडंही तेच ना... पाहुण्यापुढं बासी ठेवली तर घराची लाज जाते. ती फक्त घरच्या माणसाची. कालची खुर्ची आणि आग्रह पोरीला माझ्यामुळं मिळाला होता. एरवी तिची जागा इथं, गंजाजवळ.

मला बाहेर खुर्चीवर बसवून गरम लुची, म्हणजे त्यांची मैद्याची पुरी, आणि बटाट्याची भाजी दिली. इतका गोड नकार मला जन्मात कोणी दिला नव्हता. आतून पिंकीला आणखी एकदा रागावल्याचा आवाज आला, आणि मी निवांत दुसरी लुची मागितली.

तुमच्या घरी पाण्यातल्या भाताला काय म्हणतात, सोबत काय घेता, सगळं लिहा. तब्येतीचंही कळवा... आणि लवकर लिहा बरं, मी चष्मा लावूनच बसले आहे.