शेंगेच्या आतली बुरशी

माझ्या धाकट्या भावाची बायको सुनीता दरवर्षी गावाहून भुईमुगाच्या शेंगा पाठवते. परवा सकाळी त्या फोडत बसले होते, तर एका शेंगेतला दाणा हिरवट भुकटीने माखलेला निघाला. टरफल मात्र वरून अगदी स्वच्छ होतं. मग आणखी चार तशाच निघाल्या आणि माझे हात थांबले. कृषी महाविद्यालयात मी वर्षानुवर्षं हीच बुरशी शिकवली होती. तिचं विष यकृताला हळूहळू पोखरतं. भाजून, तळून ते पुरतं जात नाही, आणि डाग नसलेल्या दाण्यातही असू शकतं.

सुनीताला फोन लावला. "शेंगा भिजल्या होत्या का गं?"

"भिजल्या ना, ताई. दाणे भरताना पाण्याचा टिपूस नाही, नुसतं ऊन. आणि काढून वाळत टाकल्या तर चार दिवस पाऊस. हल्ली असंच होतं. पण वाळवल्यात चांगल्या."

तापलेली, तहानलेली जमीन आणि मग अवेळी ओल, या बुरशीला हवं तेच. असं वर्ष पूर्वी क्वचित यायचं, म्हणून वर्गात मी ते अपवाद म्हणून सांगायचे. बिघडलेलं हवामान मी आजवर आभाळातच शोधत होते. ते बंद टरफलाच्या आत, माणसांच्या घासात शिरलं होतं.

"या शेंगा खाऊ नका," मी म्हटलं आणि कारण सांगितलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "पोरं आत्ताच शाळेत गेली, ताई. डब्यात शेंगदाण्याची चटणी दिलीय. महिनाभर तीच देतेय."