लिवल्याक आवाज नसता

सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलं की दुसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल टेबलावर पालथा घालायचे आणि खुंटीवरचा शर्ट काढायचे. "लिवल्याक आवाज नसता रे," म्हणजे लिहिलेल्याला आवाज नसतो, असं म्हणत बटणं लावायची आणि भांडणाऱ्याच्या दाराची बेल वाजवायची. असा ग्रुप तुमच्याकडेही असेलच. आमचा कांदिवलीतला. मी त्याचा ॲडमिन, म्हणजे सगळ्यांची बोलणी खायला नेमलेला माणूस.

एकदा पार्किंगवरून दोघांची जुंपली. एकाने नुसतं "ओके" लिहिलं, दुसऱ्याला तो माज वाटला. काका दोघांकडे जाऊन चहा पिऊन आले. "तेका तुझो राग नाय. तेचो अंगठो जाडो आसा, जास्ती टाइप करूक जमना नाय," एवढंच सांगितलं. भांडण तिथेच मिटलं.

हे शहाणपण त्यांना ठेच लागून आलं होतं.

तळमजल्यावरचे अण्णा त्यांचे जिवलग. अण्णा नाशिकचे, शब्द तोलून बोलणारे. काका मालवणकडचे, माया करायची तीही शिवी देऊन. रोज सकाळी गेटजवळच्या टपरीवर दोघांचा चहा. अण्णांना उशीर झाला की काका विचारायचे, "खंय मेलंस?" म्हणजे एवढंच, की होतास कुठे, मी वाट बघतोय.

एका सकाळी अण्णा आले नाहीत. काकांनी चष्म्याशिवाय, वरचं काही न वाचता, ग्रुपवरच टाकलं, "खंय मेलंस?" बरोब्बर त्याच्या वर अण्णांच्या लेकीचा मेसेज होता. बाबांना हार्ट अटॅक आलाय, आयसीयूत आहेत.

वाट लागली. "लाज नाही वाटत? बाबांच्या आसपास फिरकू नका," लेकीने लिहिलं. काकांना ग्रुपमधून काढा म्हणून मला फोन आले. मी खुलासा टाइप करायला बसलो, तर काकांनी माझा मोबाइल पालथा घातला.

"नको. तेच्यात आणखी चार शब्द चुकतले."

दोस्त जातोय आणि आपला शेवटचा शब्द हा, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मला बघवेना. आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं.

लेक दारातच उभी होती. काकांनी हात जोडले. "बाय, रागाव माझ्यार. पण बापाशीक विचार, मी रोज काय इचारतंय ता."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा रडत होती आणि हसूही दाबत होती.

"या काका. बाबा विचारतायत, तो खंय मेलाय?"

त्यानंतर काकांनी ग्रुपवर कधी काही लिहिलं नाही. बेल मात्र सगळ्यांची वाजवली.

गेल्या वर्षी काका गेले. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. अण्णांनी काहीच लिहिलं नाही. तेरावं झाल्यावर एका सकाळी, चहाच्या वेळेला, त्यांचा मेसेज आला.

"खंय मेलंस?"

कोणी एक अक्षर टाइप केलं नाही. मी मोबाइल पालथा घातला आणि शर्टाची बटणं लावत जिना उतरलो.