मामांची चाळण

मी लिहायला बसलो आहे, हा थोडा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील उसाच्या मळ्यात, आजोबाही तिथेच. माझं मराठी गावच्या बैठकीत, संध्याकाळच्या शाळेत शिकलेलं. बोलताना त्यात आमच्या बेटावरची क्रेओल बोली कधी शिरते ते आम्हाला कळतही नाही. तांदळातले खडे निवडावेत तसे ते शब्द मी इथे निवडून काढले आहेत. एखादा दाताखाली आलाच तर माफ करावं. आणि ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या माझ्या मामांना मी विचारलेलंही नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला आधी कागद कुठला वापरतोस ते विचारलं असतं.

कॉलेजसाठी मी रोझ हिलला मामा-मामींकडे राहायला आलो. मामा पोर्ट लुईला सरकारी कचेरीत कारकून होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कधी कुणाशी आवाज चढवून बोलणं नाही. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन आत शिरलो तेव्हा जेवणाच्या सगळ्या खुर्च्यांवर काळे कागद पसरलेले होते. प्रत्येक कागदावर एक मोठं वर्तुळ आणि त्याच्या आत भोकांची नक्षी. मी उभाच राहिलो.

"बस की," मामी म्हणाल्या. "जागा सापडली तर बस. तुझ्या मामांच्या चाळण्या वाळतायत."

या चाळण्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गिटारीचा एक जुना प्रकार असतो. तिच्या पोटात पातळ ॲल्युमिनियमचा, उथळ वाटीसारखा पडदा बसवलेला असतो. तारा छेडल्या की तो पडदा थरथरतो आणि आवाज साध्या गिटारीपेक्षा कितीतरी मोठा होतो. विजेवरच्या गिटारी आमच्याकडे यायच्या आधी नाचाच्या बँडमध्ये हिचीच चलती होती. पडद्याच्या रक्षणासाठी वरून चकचकीत धातूची गोल तबकडी स्क्रूंनी बसवतात, आणि आवाज बाहेर यावा म्हणून तिला भोकं पाडलेली असतात. कुठे ती भोकं सूर्याच्या किरणांसारखी, कुठे पाकळ्यांसारखी, कुठे नुसत्या चौकटी. जहाजांवरच्या लोकांबरोबर अशा काही गिटारी आमच्या बेटावर उतरल्या आणि इथेच राहिल्या.

त्या सगळ्या शोधायच्या आणि प्रत्येकीची नोंद करायची, हे मामांनी आयुष्यभराचं काम मानलं होतं. रविवारी सकाळी पातळ कागदाची गुंडाळी आणि सुताराची जाड पेन्सिल घेऊन ते बसने निघायचे. गिटार सापडली की तबकडीवर कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. नक्षी कागदावर उतरे. ती पुसली जाऊ नये म्हणून घरी आल्यावर वरून डिंकाचं पाणी शिंपडून कागद वाळवायचे. मग गिटारीची मापं, तिचा मालक, ती कुठून आली, कुठे पोचा आला आहे, हे सगळं खाली बारीक अक्षरात. लग्नानंतर मामींनी असा पहिला कागद पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "अय्या, ही तर पिठाची चाळण!" मामांना राग आला नाही. उलट शब्द आवडला. तेव्हापासून घरात ती चाळणच. मामी मात्र त्यानंतर एकदाही गिटार बघायला गेल्या नाहीत. कागद तेवढे उचलून उचलून त्यांना पाठ झाले होते.

गंमत म्हणजे मामांना गिटार वाजवता येत नव्हती. एक सूरही नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही शिकला का नाही?"

"वाजवता आली असती तर एकच पुरली असती मला," ते म्हणाले.

"आणि आम्हाला रविवार मिळाले असते," आतून मामी म्हणाल्या.

या वेडाची सुरुवात सूयाकला झाली होती. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, मामा तिथे समुद्रकाठी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. एका कोळ्याने तिथे अशी एक गिटार वाजवली, आणि मामा सांगतात, की लाटांचा आवाज बंद झाल्यासारखं त्यांना वाटलं. जहाजावरच्या एका आचाऱ्याने ती त्या कोळ्याला दिली होती. मामांच्या हिशेबाने बेटावर आलेली ती पहिली. कागदांच्या गठ्ठ्यात सर्वांत वरचा कागद त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवला होता, आणि तो कोरा होता. आधी हात बसू दे, मग तिला हात लावीन, असं म्हणत त्यांनी वर्षं काढली. तोवर ठाऊक असलेल्या बाकीच्या साऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी कोळ्याला निरोप धाडला: रविवारी येतो, तबकडी काढून स्वच्छ पुसून ठेव, मिठाचा थर असला की नक्षी नीट उतरत नाही.

कोळ्याने सांगितल्याप्रमाणे केलं. स्क्रू काढले, तबकडी घासून खिडकीत वाळत ठेवली. आणि रविवारच्या आधी वादळ आलं. साठ सालचं ते मोठं वादळ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. कोळ्याच्या घराचं छप्पर गेलं, खिडकी गेली, तबकडीही गेली. गिटार तेवढी खाटेखाली राहिली. स्क्रूसुद्धा कपात जसेच्या तसे होते.

मामांना ते लागलं. घासून ठेव म्हणून आपणच सांगितलं होतं, हे त्यांच्या मनातून जाईना. ते सूयाक आणि शेजारच्या सुरिनाम गावात दारोदार फिरले. क्रेओलमध्ये ते तबकडीला लासिएत म्हणायचे, म्हणजे थाळी. त्यामुळे लोक त्यांना थाळ्या आणून दाखवायचे. पत्र्याच्या, चिनीमातीच्या, एकाने तर माशाच्या रश्श्यासकट. सूयाकची पोरं त्यांना मिस्ये लासिएत म्हणू लागली, थाळीसाहेब. सुरिनामला मामांची सासुरवाडी होती. तिथेही ते वादळानंतर लगेच गेले. तिथे आधी माणसांची चौकशी केली की चाळणीची, याबद्दल मामा-मामींचं आजवर एकमत झालेलं नाही.

कोळ्याने दरम्यान बिस्किटाच्या डब्याचं झाकण घेतलं, खिळ्याने भोकं पाडली आणि गिटारीला बसवलं. "मो प्ली कोंतां सा," तो मामांना हसत म्हणाला, म्हणजे, मला हेच जास्त आवडतं. मामांनी त्या झाकणाचाही कागद केला, पण तो खाली ठेवला. वरचा कागद कोराच.

"तो भरला की बस," मामा मामींना म्हणायचे. "मग रविवारी तू म्हणशील तिथे जाऊ."

"म्हणजे कुठेच नाही," मामी म्हणायच्या. पण मी पाहिलं आहे, गठ्ठ्यावरची धूळ पुसताना त्या तो कोरा कागद हलक्या हाताने उचलायच्या.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. गणपतीला मी एरवी माझ्या गावी जायचो. त्या वर्षी परीक्षा जवळ होती म्हणून मामा-मामींबरोबर सुरिनामला गेलो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणीतरी मामांना सांगितलं, की लॉंग माउंटनला एकाच्या घरी चकाकणारी थाळी आहे, वादळानंतर सापडलेली. लॉंग माउंटन बेटाच्या दुसऱ्या टोकाला. चतुर्थीच्या पहाटे मामा निघाले.

"देव बसायच्या वेळी तरी या," मामी म्हणाल्या.

"आरतीला पोचतो."

"कुणाच्या? चाळणीच्या?"

मामींच्या वहिनींचा हात मुरगळला होता, म्हणून पूजेची भांडी घासायचं काम त्या वर्षी मामींकडे आलं. मागच्या ओट्यावर चिंच आणि राख घेऊन त्या बसल्या. मी पाणी ओतत होतो. समया झाल्या, ताम्हन झालं, मग मामींच्या भावाने आतून देवामागची प्रभावळ आणून दिली. गोल, जडशी, कडेने काळवंडलेली. मामींनी ती घासली, मी पाणी ओतलं. मग त्यांनी तिच्यावर एक जुनं पांढरं धोतर पसरलं आणि कोरडी करायला वरून जोरजोराने घासू लागल्या.

धोतर उचललं आणि मामी थांबल्या.

धोतरावर राखेच्या काळ्या रंगात एक मोठं वर्तुळ उमटलं होतं. आत भोकांची नक्षी, मधून निघालेली किरणं. रोझ हिलच्या खुर्च्यांवर वाळत असायची तशी.

"आयो," मामी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून अगदी हळू, "अरे, ही तर चाळण."

त्यांनी भावाला हाक मारली. "दादा, ही प्रभावळ कुठली?"

"देवाने धाडलेली," तो म्हणाला. "वादळानंतर उसात पडली होती. बघ की कशी, चारी बाजूंनी तेज फाकल्यासारखी. माणसाने केलेली वाटते का?"

"यांनी तुला विचारलं नव्हतं?"

"दाजींनी? त्यांनी चाळण विचारली. आपल्याकडे दोन होत्या, पिठाची आणि तांदळाची. दोन्ही काढून दाखवल्या. नाही म्हणाले."

मामी ओट्यावर बसून इतक्या हसल्या, की वहिनी मुरगळलेला हात धरून बाहेर आल्या. मामींच्या भावाला मात्र हसू येईना. एवढ्या वर्षांची देवाची प्रभावळ गिटारीची आहे, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. "दाजी नेणार का ती?" त्याने विचारलं.

"कागद घासतील आणि ठेवतील. कोळ्याला त्याचं झाकणच आवडतंय. मी विचारते त्याला."

मला एक कळेना. मामा दरवर्षी इथे आरतीला येत होते. मी तसं म्हटलं.

"फुलं असतात ना पुढे," वहिनी म्हणाल्या. "हार, जास्वंदी. सगळी झाकून जाते."

मामी उठल्या. "आज मागे एक फूल घालायचं नाही," त्या म्हणाल्या.

देव बसला. मागे ती तबकडी, नुसती, समईच्या उजेडात डोळे दिपवणारी. आरती सुरू झाली तरी मामांचा पत्ता नव्हता. दुसरं कडवं चालू असताना ते दारात आले, शर्ट घामाने चिकटलेला, बगलेत कागदाची गुंडाळी. लॉंग माउंटनची थाळी मोटारीच्या चाकावरची निघाली होती, हे नंतर कळलं. त्यांनी चपला काढल्या, गर्दीतून पुढे आले आणि थेट देवासमोर उभे राहिले. तबकडी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती.

मामांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

घरातलं कुणीही देवाकडे बघत नव्हतं. सगळे मामांकडे बघत होते. ते आपले टाळ्या वाजवत, मान डोलवत, मनापासून गात होते. एक आरती संपली, दुसरी झाली. मामींच्या भावाला आता हसू आवरत नव्हतं. टाळ धरलेल्या माणसाचा ताल चुकला. मला वाटलं, आता तरी उघडतील, पण मामांनी मिटल्या डोळ्यांनीच कपाळ टेकवलं, मिटल्या डोळ्यांनीच प्रसादासाठी हात पुढे केला.

मामींनी त्या हातावर प्रसाद ठेवला नाही. घडी केलेलं ते धोतर ठेवलं.

"चाळण सापडली हो तुमची," त्या म्हणाल्या. "आता देवाला हात जोडताना डोळे उघडे ठेवत जा."