आधी वजन, मग आसन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, कळमनुरी तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला. अंगात रग होती. रोज साडेपाचला रेतीचं पोतं खांद्यावर घेऊन बैठका मारायचो. पन्नास किलोचं मला काही वाटायचं नाही.

पण कंबर धरायला लागली. पंधरा दिवसांवर मेडिकल होतं. तपासणीत फिटनेसची कॅटेगरी खाली आली असती तर माझं सेक्शन सोडून बेसला कागद सांभाळत बसावं लागलं असतं. ते मला नामंजूर होतं.

लान्स नायक कांबळे शिरड शहापूरचा. युनिटनं त्याला योगाच्या कोर्सला पाठवलं होतं. त्याची आसनं पाहून मीही सुरू केली, पोतं उचलण्याच्या आधी आणि पीटीच्या चालीवर. एक-दो म्हणत झटक्यानं वाकायचं, हात बुटाला लागलाच पाहिजे. तिसऱ्या दिवशी उठताना भिंत धरावी लागली.

"दादा, हे काय ड्रिल हाय का?" कांबळे म्हणाला. "वजनाआधी पाठ काहून ताणून राह्यले तुमी? आधी नुस्ते सांधे मोकळे करा. मंग वजन. मंग आसन, हळू. आन् रविवारी वजनाला सुट्टी, निस्ता योग."

त्याचं ऐकलं आणि मेडिकल पास झालो. फक्त शवासन जमेना. मिनिटभरात उठून बसायचो. तो म्हणायचा, "पडून राहा दादा. कोनी न्हाई बोलवून राह्यलं."

त्याच महिन्यात दुपारच्या गस्तीवर आमच्यावर फायर आला. कांबळेच्या पोटात गोळी लागली. १४१० ला, म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांनी, मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"नेगेटिव्ह. ढग आहेत. उचलून आणा. ओव्हर."

त्याला खांद्यावर घेतला. उतार निसरडा होता. मी दात आवळून चाललो होतो.

"श्वास धरू नका दादा," तो कानाशी म्हणाला. "सोडत राहा."

मी सोडत राहिलो. १५३५ ला एड पोस्टवर, प्रथमोपचाराच्या ठाण्यावर, त्याला खाली ठेवला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि त्याचे डोळे मिटले. माझी कंबर ठणठणीत होती. पुढं कित्येक वर्षं मला तिचाच राग यायचा.

पेन्शनवर गावी आलो. अजून अंगणात पोतं उचलतो, मग आसनं करतो. रविवारी वजनाला हात लावत नाही. शवासनात पुरी दहा मिनिटं पडून राहतो. घरच्यांनी चहाला हाक मारली तरी उठत नाही. कांबळेनं मारली तर उठेन.